घरातील धुळीतील थॅलेटे

प्लॅस्टिकच्या वस्तूंतून बाहेर पडून घरातील धुळीत साठणाऱ्या प्लास्टिसायझर रसायनांमध्ये थॅलेटे प्रमुख होत. थॅलेटे ही थॅलिक आम्लाची एस्टरे असून पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) या प्लॅस्टिकला लवचीकपणा आणण्यासाठी ती वापरली जातात. रांगत्या मुलांचा त्यांच्याशी संपर्क येण्याचा धूळ हा एक महत्त्वाचा मार्ग आहे.

धुळीत येण्याची प्रक्रिया

मूळचे पीव्हीसी कडक असते. त्यात मिसळलेली थॅलेटे रासायनिक बंधाने जोडलेली नसून बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये केवळ सामावलेली असतात. त्यामुळे व्हिनाइलचे तळआच्छादन, रेक्झिन, विजेच्या तारांची वेष्टने इत्यादींतून ती वर्षानुवर्षे सावकाश बाहेर पडतात. डाय-(२-एथिलहेक्झिल) थॅलेट (डीईएचपी) यासारख्या जड थॅलेटांची बाष्पनशीलता कमी असल्याने ती धूलिकणांना व पृष्ठभागांना चिकटतात. घरात सूर्यप्रकाश व सूक्ष्मजीव यांमुळे होणारे विघटन मंद असते. परिणामी धूळ हा त्यांचा साठा बनतो.

मानवी संपर्क

धुळीतील थॅलेटे गिळण्यावाटे, श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जातात. प्रौढांना डीईएचपी मुख्यतः अन्नातून मिळते. लहान मुले मात्र जमिनीलगत वावरतात व वारंवार हात तोंडात घालतात. त्यामुळे शरीराच्या वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात जाणारी धूळ अधिक असते. थॅलेटांचे चयापचयी घटक मूत्रावाटे लवकर बाहेर पडतात, तथापि संपर्क रोजचाच असल्याने ते मूत्रात सतत आढळतात.

आरोग्यावरील परिणाम

उंदरांवरील प्रयोगांत काही थॅलेटांमुळे नर गर्भातील टेस्टोस्टेरॉनची निर्मिती घटल्याचे आढळले आहे. स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणे असलेल्या १९८ व निरोगी २०२ मुलांची तुलना करण्यात आली. शयनगृहातील धुळीतील ब्युटिल बेंझिल थॅलेटचा नासिकादाह व इसब यांच्याशी, तर डीईएचपीचा दम्याशी संबंध दिसून आला. अशा अभ्यासांतून सहसंबंध कळतो. कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

नियंत्रण

युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाद्वारे, तर अमेरिकेने २००८ च्या कायद्याद्वारे खेळणी व बालसंगोपनाच्या वस्तूंतील प्रमुख थॅलेटांवर ०.१ टक्के मर्यादा घातली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन अनिवार्य आहे. परंतु हे निर्बंध खेळण्यांसारख्या नव्या वस्तूंपुरते असून घरातील जुनी आच्छादने व वेष्टने थॅलेटे सोडतच राहतात. म्हणून ओल्या फडक्याने लादी पुसणे, जेवणापूर्वी मुलांचे हात धुणे व खोलीत हवा खेळती ठेवणे हे संपर्क कमी करण्याचे साधे उपाय मानले जातात.