कागदी फितीपासून तळहातापर्यंत : ईमॅक्सचा प्रवास

१/ फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ग्नू ईमॅक्स’ या मजकूर-संपादकाची ३०.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि हा प्रोग्राम अधिकृतपणे ॲन्ड्रॉइड फोनवर अवतरला. घटना लहान वाटते. परंतु तिच्यामागे एका प्रश्नाचा दीर्घ इतिहास आहे. ज्या साधनाने माणूस लिहितो, ते साधन बदलण्याचा अधिकार कोणाचा? #थ्रेड

२/ कथेचा आरंभ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होतो. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे डॅन मर्फी यांनी ‘टेको’ हा संपादक लिहिला. त्या काळी प्रोग्राम कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने साठवले जात. त्या फितींवरील मजकूर दुरुस्त करणे, हे टेकोचे मूळ काम. पुढे त्याला आज्ञांचे तयार संच, म्हणजेच मॅक्रो, जोडता येऊ लागले.

३/ एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ज्याने त्याने आपापले मॅक्रो रचले. परिणामी एकाच्या मांडणीत दुसऱ्यास काम करता येईना. कळ तीच, अर्थ निराळा! १९७६ मध्ये गाय स्टील यांनी हे संच एकत्र आणण्याचे काम आरंभले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते तडीस नेले. ‘एडिटर मॅक्रोज’ या शब्दांवरून त्याचे नाव पडले ‘ईमॅक्स’.

४/ स्टॉलमन ईमॅक्सची प्रत देत, ती एका अपेक्षेसह : ज्याने सुधारणा केली, त्याने ती परत आणून द्यावी, म्हणजे ती सर्वांना मिळेल. गावकीची विहीर असावी, तसा हा व्यवहार होता. मात्र तो केवळ विश्वासावर उभा होता. त्यास कायद्याचे पाठबळ नव्हते.

५/ ती उणीव लवकरच जाणवली. १९८१ मध्ये जेम्स गॉसलिंग यांनी युनिक्ससाठी स्वतंत्र ईमॅक्स लिहिला. प्रारंभी तो मुक्तपणे वाटला जाई. पुढे त्याचे हक्क ‘युनिप्रेस’ या कंपनीकडे गेले. स्टॉलमन यांच्या नव्या ग्नू ईमॅक्समध्ये गॉसलिंग यांच्या प्रोग्रामचा काही भाग होता. कंपनीने हरकत घेतली आणि १९८५ मध्ये तो भाग काढून नव्याने लिहावा लागला.

६/ अशा अनुभवांतून परवान्याची कल्पना आकारास आली. आधी ईमॅक्सपुरता असलेला परवाना १९८९ मध्ये ‘जीपीएल’ या सर्वसाधारण रूपात आला : वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र वाटताना हेच हक्क पुढच्यालाही द्या. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा नव्हे. स्टॉलमन स्वतः ईमॅक्सची टेप १५० डॉलरना विकत.

७/ हा हक्क कागदावरच राहिला नाही. ईमॅक्सच्या बहुतांश आज्ञा ‘लिस्प’ या भाषेच्या एका बोलीत लिहिलेल्या आहेत. वापरणारा त्या वाचू शकतो आणि प्रोग्राम बंद न करताही बदलू शकतो. या लवचीकतेची किंमत होती स्मृतीचा मोठा वापर. “आठ मेगाबाइट खातो आणि तरी धापा टाकतो,” अशा अर्थाची थट्टा ईमॅक्सच्या इंग्रजी नावाच्या अक्षरांवरूनच रूढ झाली.

८/ आज खिशातील फोनची स्मृती गिगाबाइटमध्ये मोजली जाते. त्यामुळे अडचण स्मृतीची नव्हे, कळफलकाची आली. ईमॅक्स ‘कंट्रोल’ आणि ‘मेटा’ या कळांवर चालतो. फोनच्या नेहमीच्या कळफलकावर त्या नसतात. म्हणून ३० व्या आवृत्तीत या कळांची पडद्यावरील पट्टी आणि स्पर्शाने चालणारी हाताळणी आली. वर्षानुवर्षे जमवलेली मांडणी एका साध्या मजकूर-फाइलीत असते. ती फाइल फोनवर नेली की कित्येक सवयीही सोबत येतात.

९/ तरीही प्रोग्राम मुक्त असणे पुरेसे नसते. फोनचे दार कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. २०१० मध्ये ‘ग्नू गो’ हा खेळ ॲपलच्या ॲप स्टोअरवर आला. तेथील अटी जीपीएलशी विसंगत असल्याची तक्रार फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने केली. ॲपलने अटी बदलल्या नाहीत; खेळच काढून टाकला.

१०/ आज असंख्य लोकांचा पहिला संगणक म्हणजे त्यांचा फोन. त्यावरील बहुतेक ॲप जशी मिळतात, तशीच वापरावी लागतात. ईमॅक्समध्ये मात्र एखादी कळ गैरसोयीची वाटली, तर लिस्पच्या एका ओळीने तिचा अर्थ बदलता येतो आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. ती परवानगी १९८५ साली, पहिल्या परवान्यातच, देऊन ठेवलेली आहे.