'का', 'बा' आणि फुलानी लोक कुठले?

पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी लोकांत 'का' आणि 'बा' अशी आडनावं आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये माणसाच्या प्राणशक्तीला 'का' म्हणत आणि आत्म्याला 'बा'. सेनेगलचे विद्वान शेख अन्ता दिऑप यांनी १९५४ च्या पुस्तकात या साम्यावर बोट ठेवलं, आणि त्यावरची हमरीतुमरी आजही थांबलेली नाही.

मला विचाराल तर हा पुरावा कच्चा आहे. एवढेसे शब्द कुठल्याही दोन भाषांत जुळतात. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', अर्थ एकच, नातं शून्य. उलट आपला 'हप्ता' बघा. संस्कृत 'सप्त', फारसी 'हफ्त', सिंधूचा हिंदू. 'स'च्या जागी 'ह' नेमाने येतो, म्हणून ते नातं खरं. त्यात इजिप्शियन लिपीत फक्त व्यंजनं लिहीत. 'का', 'बा' मधला 'आ' अभ्यासकांनी उच्चाराच्या सोयीसाठी धरलेला. मुळात तिथे एक वेगळंच व्यंजन आहे! मग जुळवताय काय?

व्याकरण तर साफच वेगळं. फुलानीत एक माणूस 'पुल्लो', अनेक झाले की 'फुल्बे'. शब्द दोन्ही टोकांनी बदलतो. ही तऱ्हा सेनेगलच्या सेरेर भाषेत सापडते. इजिप्शियनचे सोयरे अरबी, हिब्रू. ग्रीनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९५० च्या आसपास ही घराणी वेगळी मांडली.

पण दिऑपना हसणाऱ्यांनी आधीचा इतिहासही वाचावा. १९१२ साली जर्मनीच्या माइनहोफ यांनी फुलानीला 'हॅमिटिक' गटात बसवलं होतं. उत्तरेकडून आलेल्या उजळ गुराख्यांनी आफ्रिकेला शहाणं केलं, असा तो सिद्धांत. राज्य करणाऱ्या गोऱ्यांना सोयीचाच! दिऑपनी तो उलटा केला: इजिप्तच आफ्रिकेचा. १९७४ साली कैरोत युनेस्कोच्या परिषदेत ते आणि थिओफिल ओबेंगा हे सगळ्यांसमोर मांडून आले. शब्दांच्या याद्या बाजूला ठेवल्या तरी इजिप्तला आफ्रिकेपासून तोडून शिकवू नका, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

गंमत अशी की फुलानी बाहेरून आले, हे दोन्हीकडे गृहीतच. मार्च २०१९ मध्ये मालीतल्या ओगोसागू गावात दीडशेहून जास्त फुलानी मारले गेले. तिथली भांडणं जमिनीची, पाण्याची, जिहादी असल्याच्या संशयाची. पण अशा वेळी 'हे मूळचे इथले नाहीतच' म्हणायला कुणाला पुरावा लागत नाही. आणि त्यांच्या भाषेची बहीण, सेरेर, सेनेगलात शेजारीच नांदतेय.