नऊ धावा, सहा धावा

मोठ्या आकड्यांनी हंगाम गाजतो. परंतु लोकांच्या स्मरणात तो राहतो तो पुष्कळदा अगदी लहान आकड्यांमुळे. १९४८-४९ सालचा आपल्या देशातील क्रिकेटचा हंगाम असाच होता. त्या हिवाळ्यात धावांच्या राशीच्या राशी पडल्या, आणि तरीही त्या हंगामाची गोष्ट सांगताना जाणते लोक आधी दोनच आकडे सांगतात : नऊ आणि सहा.

तो काळही विलक्षण होता. स्वातंत्र्याला दीड वर्षही झाले नव्हते. संस्थाने एकामागून एक विलीन होत होती. काठेवाडातील संस्थानांचा सौराष्ट्र संघ १९४८ च्या फेब्रुवारीत बनला होता आणि कोल्हापूरची पाळी जवळ येत होती. आपल्याकडील क्रिकेटला राजेरजवाड्यांचा आश्रय फार मोठा. राज्ये गेली, तरी मैदानावरील मान अजून गेला नव्हता.

अशा वेळी, १६ डिसेंबर १९४८ रोजी, पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी करंडकाचा सामना सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राकडून मूळचे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. त्यांनी आणि भांडारकरांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. भांडारकर २०५ धावा काढून परतले. निंबाळकर मात्र खेळतच राहिले. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार आणि ४४३ धावा! ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनीला काढलेल्या नाबाद ४५२ धावा हा त्या वेळचा जगातील उच्चांक होता. त्याची बरोबरी करण्यास नऊ धावा हव्या होत्या.

महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. मधल्या सुट्टीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला. तो मान्य होईना, तेव्हा त्यांनी सामना सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध जगाचा विक्रम नोंदला जाऊ नये, एवढाच हेतू. ज्या वर्षी राजांनी राज्ये सोडली, त्याच वर्षी नऊ धावा सोडवेनात! निंबाळकर नाबाद राहिले आणि विक्रम अपुरा राहिला.

याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला होता. एव्हर्टन वीक्स यांच्या शतकांनी आपले गोलंदाज हैराण झाले होते. तीन कसोटी सामने अनिर्णित राहिले आणि मद्रासचा सामना भारताने गमावला. १९३२ पासून खेळत असूनही भारताला एकही कसोटी सामना जिंकता आला नव्हता. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाचव्या सामन्यात ही संधी चालून आली. विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. रूसी मोदींनी ८६ धावा केल्या; सांगलीच्या विजय हजारे यांनी १२२. शेवटी दत्तू फडकर झुंजत राहिले. वेळ संपत आली, तसा पाहुण्यांचा खेळही मंदावू लागला. अखेरच्या षटकातील एक चेंडू टाकायचा राहिला असतानाच पंचांनी खेळ थांबवला. भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या होत्या. सहा धावा उरल्या. त्या पहिल्या विजयासाठी देशाला मद्रासच्या १९५२ च्या सामन्यापर्यंत वाट पाहावी लागली.

येथेच हंगाम संपता, तर त्याची आठवण केवळ हळहळीची राहिली असती. परंतु मार्चमध्ये पुन्हा पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळायचे, असा तो सामना. मुंबईने ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७. दुसऱ्या डावात मुंबईने आणखी ७१४ धावा करून महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचा डोंगर उभा केला. माधव मंत्री यांनी द्विशतक काढले. मुंबईच्या उदय मर्चंट व फडकर यांनी आणि महाराष्ट्राच्या रेगे यांनी दोन्ही डावांत शतके काढली. एका सामन्यात नऊ शतके आणि एकूण २३७६ धावा!

अशी अवस्था झाल्यावर महाराष्ट्राने मैदान सोडले असते, तर नवल वाटले नसते. पण महाराष्ट्राचा संघ दुसऱ्यांदा खेळावयास उतरला आणि ६०४ धावा काढूनच बाद झाला. ३५४ धावांनी पराभव झाला, पण तो खेळून झाला. पुढे अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्यालाही हरवून करंडक जिंकला.

खेळपट्ट्या निर्जीव होत्या, गोलंदाजांना काही वावच नव्हता, असे या हंगामाबद्दल म्हटले जाते, आणि ते खोटे नाही. चौथ्या डावात ६०४ धावा सहज निघत नाहीत हे खरे. पण त्या निघाव्यात अशी भूमीही होती. म्हणूनच की काय, निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. २०१२ साली त्यांचे निधन झाले. ब्रॅडमन यांचा उच्चांक १९५९ मध्ये हनीफ महंमद यांनी आणि हनीफ यांचा १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी मोडला. परंतु निंबाळकरांच्या ४४३ धावा रणजी करंडकात आजही सर्वांत पुढे आहेत.

पुण्याने त्या हंगामात दोन पराभूत संघ पाहिले. एकाने नऊ धावा वाचविण्यासाठी मैदान सोडले. दुसरा ९५९ धावांपुढे शेवटचा गडी बाद होईपर्यंत उभा राहिला. धावफलकावर दोघेही हरलेले दिसतात. इतिहासाला मात्र त्यांत अंतर करावे लागते.