कापू का? उलटलेल्या कल्ल्याचा थोडा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात धाराशिवच्या एका मित्राने मला फोटो पाठवला. त्याच्या चार फुटी टाकीतल्या रेडटेल कॅटफिशच्या कल्ल्याच्या झाकणाची कड बाहेर वळली होती, आतले लाल कल्ले उघडे पडले होते. खाली एकच ओळ: "कड कापून टाकू का रे?"

उत्तर देण्याआधी मी जुने निबंध काढून बसलो. ती शोधाशोध तुमच्याही कामाची आहे, म्हणून इथे मांडतोय.

सुरुवात आपल्याच नद्यांपासून करू. परंडा तालुक्यातली सीना पुढे भीमेला मिळते. या भीमेच्या खोऱ्यातल्या माशांचा पहिला मोठा शास्त्रीय आढावा कर्नल विल्यम हेन्री साईक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने घेतला. 1839 मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. 'शिंगटी' हे आपलं नाव त्याने जवळजवळ तसंच शास्त्रीय नावात घातलं. पण 'गोगरा' नावाच्या माशाला त्याने 'फ्रॅक्टोसेफॅलस' या प्रजातीत बसवलं. ही प्रजाती कोणाची? ॲमेझॉनच्या रेडटेलची! दोघांच्या डोक्यावर कठीण हाडाची ढाल असते, म्हणून ते जवळचे वाटले. आज गोगरा 'रिटा' या वेगळ्या प्रजातीत आहे आणि त्याचं कुळही वेगळं आहे.

साईक्सला हसू नका. हाताशी जे होतं त्यावरून त्याने ठरवलं. पण धडा लक्षात ठेवा: दिसायला सारखं म्हणजे मुळात एक, असं नसतं. आजारांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे.

आता कल्ल्याकडे येऊ. मासा तोंड आणि कल्ल्याचं झाकण यांचा पंपासारखा वापर करून कल्ल्यांवरून पाणी खेळवतो. झाकण नीट बसलं नाही की पंप गळका होतो, मासा धापा टाकतो. म्हणजे हा फक्त रूपाचा प्रश्न नाही.

झाकण का वळतं? 1969 मध्ये हाल्व्हर आणि सहकाऱ्यांनी ट्राउट आणि कोहो सामन या माशांना क जीवनसत्त्व नसलेलं खाद्य दिलं. त्यांचे कणे वाकले, कल्ल्यांना आधार देणारी कूर्चाही वेडीवाकडी झाली. 1973 मध्ये अमेरिकेतल्या लव्हेल यांनी पिंजऱ्यात वाढवलेल्या चॅनेल कॅटफिशवर काम केलं. क जीवनसत्त्वाविना त्यांचेही कणे वाकले. पिंजराच का? कारण मोकळ्या तळ्यात मासा इकडचं तिकडचं खाऊन कमतरता भरून काढू शकतो. म्हणजे तळ्यातल्या माशांवर हाच प्रयोग केला असता तर खाद्यातली खोट कदाचित लपून राहिली असती. प्रयोगाची आखणी म्हणजे काय, ते इथे बघा.

कारण सरळ आहे. कोलॅजेन हे प्रथिन पक्कं व्हायला क जीवनसत्त्व लागतं आणि बहुतेक हाडांच्या माशांना ते शरीरात बनवता येत नाही. साधं क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासतं, त्यामुळे महिनोन्महिने उघड्या राहिलेल्या डब्यातल्या गोळ्यांत ते फारसं उरत नाही.

झालं, उत्तर मिळालं? थांबा. हाल्व्हर यांनी पाहिली ती आतल्या कल्ल्यांची कूर्चा. मित्राच्या माशाची वळली होती ती बाहेरच्या झाकणाची कड. एकावरून दुसऱ्याबद्दल बोलणं म्हणजे पुन्हा साईक्सचीच चूक. शिवाय लहान टाकी, साचलेला अमोनिया, जुनी इजा हेही संशयित आहेतच.

मग मित्राला काय सांगितलं? आधी कात्री ठेव. अरोवाना पाळणारे वळलेली कड कापून घेतात हे खरं, पण ते काम माशाला भूल देऊन, जाणकाराने करायचं. शिवाय मूळ कारण तसंच राहिलं तर नवी कडही वळू शकते. तेव्हा जागा मोठी कर, पाणी वरचेवर बदल, ताजं आणि टिकाऊ क जीवनसत्त्वाचं खाद्य दे. रेडटेल मीटरभराच्या पुढे वाढतो, चार फुटी टाकीत तो मावणारच नाही. आणि काही झालं तरी सीनेत सोडू नको. टाकीतून सुटलेल्या हेलिकॉप्टर माशाने उजनीत मच्छीमारांची जाळी कशी फाडली ते आपण पाहिलंय.

त्याने मासा शेतातल्या मोठ्या हौदात हलवला, खाद्य बदललं. तीन महिन्यांनी फोन आला: "कड सरळ नाही झाली, पण वळायची थांबली. व्हिटॅमिनने काम केलं बघ!"

मासा वाचला, आनंदच आहे. पण जागा, पाणी आणि खाद्य तिन्ही एकदमच बदललं होतं, मग श्रेय कोणाचं? उपचार करणाऱ्याने सगळं एकदम बदलावं, कारण त्याला मासा वाचवायचाय. संशोधकाने एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण त्याला कारण शोधायचंय. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानावरच ठरवा, आपण या दोघांपैकी कोण आहोत.