कृष्णगिरीचा एकांत

बोरिवलीच्या पूर्वेस डोंगरात कोरलेली कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी पाहिली, म्हणजे येथील भिक्षूंनी जगाकडे कायमची पाठ फिरविली असावी, असा ग्रह होतो. परंतु येथील शिलालेख निराळी साक्ष देतात. चेमुल म्हणजे आजचे चौल. तेथील सुवर्णव्यवहार करणाऱ्या एका गृहस्थाच्या पुत्राने येथे पाण्याचे टाके खोदविले. सोपारा व कल्याण येथील दातेही या लेखांत भेटतात. शके 775 मध्ये, म्हणजे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या कारकीर्दीत, दूरच्या गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नामक उपासकाने या कृष्णगिरीवर ध्यानयोग्य खोल्या करविल्या, आणि शंभर द्रम्मांची कायम ठेवही ठेविली.

ध्यानास एकांत हवा, हे खरेच. पण एकांतातही तहान लागते आणि पावसाळ्यानंतर डोंगर कोरडा पडतो. म्हणूनच ओवऱ्यांच्या शेजारी टाकी खोदलेली दिसतात. भिक्षूने संसार सोडिला, संसाराने मात्र भिक्षूस सोडिले नाही. बंदरांतील गजबजाटानेच या डोंगरावरील शांतता पोसली. तेव्हा तिच्या पुण्यात त्या व्यापाऱ्यांचाही वाटा मानिला पाहिजे.