पोटदुखीची रजा आणि मनाची रजा : अमेरिकी शाळांतील मानसिक आरोग्याच्या कायद्यांची कथा

१/ जून २०१९. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन राज्याच्या गव्हर्नर केट ब्राउन यांनी एका लहानशा विधेयकावर स्वाक्षरी केली. ताप आला, पोट दुखले, तर शाळेतील गैरहजेरी माफ होत असे. आता मन ठीक नसेल तरीही ती माफ होणार होती. तीन महिन्यांत पाच दिवसांपर्यंत. विशेष म्हणजे या विधेयकासाठी आमदारांचे उंबरठे झिजवणारे स्वतः शाळकरी विद्यार्थीच होते.

२/ वर्षभर आधी युटा राज्याने हाच बदल अधिक गाजावाजा न करता केला होता. ‘आजार’ या शब्दाच्या व्याख्येत शारीरिक आजाराच्या जोडीला मानसिक आजारही घातला. बदल एका शब्दाचा. पण तिथवर पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मुलाच्या मनाकडे राज्याचे लक्ष नव्हते म्हणून हा उशीर झाला, असे मात्र नाही. लक्ष फार पूर्वीपासून होते. ते कुणाच्या हितासाठी होते, हा या थ्रेडचा विषय आहे.

३/ आधी एक पार्श्वभूमी. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. त्यामुळे शाळा हा मुख्यतः राज्यांचा विषय ठरला. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला राज्य-कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला, तर १९१८ मध्ये मिसिसिपी हे असा कायदा करणारे शेवटचे राज्य ठरले. सक्ती आली आणि वर्गात प्रथमच सर्व प्रकारची मुले एकत्र बसली : स्थलांतरितांची, कामगारांची, शिकण्यात मागे पडणारी, वर्गात न रमणारी. या ‘न बसणाऱ्या’ मुलांचे करायचे काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

४/ कनेक्टिकट राज्याने १९१५ मध्ये आर्नल्ड गेसेल यांना नेमले. ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ हे पदनाम मिळालेले ते अमेरिकेतील पहिले गृहस्थ मानले जातात. गावोगावच्या शाळांतील ‘मागासलेली’ मुले तपासणे हे त्यांचे काम. मात्र काळ विसरू नये. हा सुप्रजननशास्त्राच्या भराचा काळ होता. खुद्द गेसेल यांनी १९१३ मध्ये आपल्या जन्मगावातील ‘मंदबुद्धी’ आणि ‘वेड्या’ कुटुंबांची मोजदाद करणारा लेख लिहिला होता. तपासणीचा पहिला हेतू बहुधा निवडून वेगळे काढणे हाच होता. मदत त्यानंतर, मिळाली तर.

५/ दुसरा प्रवाह अधिक माणुसकीचा. क्लिफर्ड बीअर्स या तरुणाने मनोरुग्णालयात स्वतः भोगलेल्या छळाची कहाणी १९०८ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. पुढच्याच वर्षी मानसिक आरोग्यरक्षणासाठी राष्ट्रीय समिती उभी राहिली. ‘रोग झाल्यावर कोंडण्यापेक्षा आधीच जपा’ हा तिचा विचार ओघानेच शाळेपर्यंत आला. न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड येथे १९०६-०७ च्या सुमारास ‘भेट देणाऱ्या शिक्षिका’ मुलांच्या घरी जाऊ लागल्या होत्या. आजच्या शालेय समाजसेविकांच्या या पूर्वसुरी.

६/ १९२० च्या दशकात कॉमनवेल्थ फंड या खासगी निधीने या शिक्षिकांना आणि बालमार्गदर्शन केंद्रांना पैसा पुरवला. पण त्या कार्यक्रमाचे घोषित उद्दिष्ट होते बालगुन्हेगारीला आळा घालणे. मूल दुःखी आहे म्हणून नव्हे, ते उद्या समाजाला त्रास देईल म्हणून त्याच्याकडे पाहायचे. ही दृष्टी नीट लक्षात ठेवा. ती या कथेत पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

७/ १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून शाळांत समुपदेशक नेमण्यास संघ सरकारचा पैसा आला. हेतू काय? हुशार मुले हेरून त्यांना विज्ञानाकडे वळवणे. अमेरिकेच्या शाळांत समुपदेशकांची संख्या वाढली ती अशी शीतयुद्धाच्या कृपेने. मुलाचे मन पुन्हा एकदा दुसऱ्याच कुठल्या कामासाठी उपयोगाचे ठरले.

८/ दिशा बदलली ती न्यायालयात. राजधानी वॉशिंग्टनमध्ये ‘वर्तन बरे नाही’, ‘भावनिकदृष्ट्या अस्थिर’ असे शिक्के मारून मुलांना शाळेबाहेर काढले जाई. पीटर मिल्स हा बारा वर्षांचा मुलगा त्यांपैकीच एक. १९७२ च्या मिल्स खटल्यात प्रशासनाने सांगितले : पैसा नाही. न्यायालयाचे उत्तर असे होते की पैसा अपुरा असेल, तर त्या तुटीचा भार याच मुलांवर अधिक पडता कामा नये.

९/ या आणि पेनसिल्व्हेनियातील अशाच एका दाव्याच्या पाठबळावर २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग बालकांच्या शिक्षणाच्या संघीय कायद्यावर सही केली. ‘गंभीर भावनिक अस्वास्थ्य’ असलेले मूल आता हक्काने शाळेत आले. प्रत्येक राज्याला आपले कायदे त्यानुसार बदलावे लागले. वाढीव खर्चातील ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा उचलण्याचे संघ सरकारचे आश्वासन मात्र आजतागायत कधीच पूर्ण झालेले नाही.

१०/ त्या व्याख्येतही एक फट राहिली. ‘सामाजिकदृष्ट्या जुळवून न घेणारी’ मुले, त्यांना गंभीर भावनिक अस्वास्थ्य असल्याचे निश्चित झाल्याशिवाय, वगळावीत असे त्यात म्हटले होते. म्हणजे जे मूल गप्प राहून कुढते ते आजारी. जे मूल आदळआपट करते ते केवळ उद्धट! ज्यांच्या कॅलिफोर्नियातील संशोधनावरून ही व्याख्या घेतली, त्या एली बॉवर यांनी स्वतःच पुढे या अपवादावर टीका केली.

११/ याच दशकात नाण्याची दुसरी बाजूही समोर आली. पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाउन येथे आठवीच्या मुलांना एक प्रश्नावली देण्याचे ठरले. पुढे अमली पदार्थांच्या आहारी जाऊ शकतील अशी मुले आधीच हेरायची, ही कल्पना. प्रश्न घरातल्या जिव्हाळ्याचे : लहानपणी आईवडील जवळ घेत असत का, वगैरे. एका आईने दावा लावला. १९७३ मध्ये ‘मेरिकेन विरुद्ध क्रेसमन’ या खटल्यात संघीय न्यायालयाने हा कार्यक्रम रोखला. कारणे दोन : कुटुंबाच्या खासगीपणावर आक्रमण, आणि ‘संभाव्य व्यसनी’ हा शिक्का मुलाला आयुष्यभर चिकटण्याचा धोका.

१२/ १९७८ मध्ये काँग्रेसने दुरुस्ती करून, संघ सरकारच्या अनुदानातून चालणाऱ्या कार्यक्रमांत पालकांच्या संमतीविना मुलांची मानसिक चाचणी घेण्यावर बंधन आणले. आज अमेरिकेत या विषयावर जो कडाक्याचा वाद होतो, त्यात पालकांची बाजू केवळ हट्टाची नाही. तिच्यामागे गेसेलच्या काळापासूनच्या शिक्क्यांचा इतिहास उभा आहे.

१३/ नव्या शतकातील कायदे बहुतेक वेळा एखाद्या मृत्यूनंतर आले. टेनेसीने २००७ मध्ये केलेला ‘जेसन फ्लॅट कायदा’ १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी आत्महत्येने गेलेल्या मुलाच्या नावाचा. त्याच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि शिक्षकांना दरवर्षी दोन तासांचे आत्महत्या-प्रतिबंधक प्रशिक्षण मिळू लागले. पुढे अनेक राज्यांनी त्याच धर्तीवर कायदे केले. तरुण मुलगा गमावलेल्या बापाच्या दुःखातून आलेला हा कायदा साधा होता. पण शिक्षकाच्या नजरेला त्याने प्रथमच काही शिकवले.

१४/ २०१६ मध्ये न्यूयॉर्कने आपल्या शिक्षण कायद्याच्या ८०४ व्या कलमात दुरुस्ती केली. मद्य, तंबाखू, कर्करोग यांविषयी शिकवा, असे सांगणाऱ्या त्या कलमात आता मानसिक आरोग्यही आले. अंमल १ जुलै २०१८ पासून. त्याच दिवशी व्हर्जिनियातही नववी-दहावीसाठी असा कायदा अमलात आला. तिथले विधेयक सिनेटर क्रे डीड्स यांचे. २०१३ मध्ये मानसिक संकटात असलेल्या त्यांच्या तरुण मुलासाठी रुग्णालयात वेळेवर खाट मिळाली नव्हती, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो गमावला.

१५/ १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत गोळीबार झाला. १७ जणांचे प्राण गेले. अवघ्या साडेतीन आठवड्यांत, ९ मार्चला, राज्याने कायदा केला. सुमारे ४० कोटी डॉलरच्या तरतुदीत शाळांतील मानसिक आरोग्यासाठी ६ कोटी ९० लाख होते. उरलेल्यातील मोठा हिस्सा सशस्त्र रक्षक आणि इमारतींच्या सुरक्षेचा. १९२० च्या दशकातील ती जुनी दृष्टी आठवते? पैसा पुन्हा भीतीच्या दारातूनच आला. आणि ज्या मुलाला धीर हवा, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाण्याची शक्यताही त्याच दारातून आत शिरली.

१६/ म्हणून ओरेगनच्या मुलांचे महत्त्व वेगळे. ‘आम्ही धोकादायक आहोत’ किंवा ‘आमच्यावर उपचार करा’ असे त्यांचे म्हणणे नव्हते. मागणी एवढीच होती की आज मन ठीक नाही हे सांगण्यासाठी आम्हाला खोट्या पोटदुखीचा आधार घ्यावा लागू नये. या सबंध इतिहासात ज्याच्याविषयी सगळे बोलत होते, ते मूल येथे स्वतः बोलते झाले. इलिनॉयनेही २०२१ मध्ये पाच दिवसांच्या अशा रजेचा कायदा केला.

१७/ कायदा झाला, पण माणसे कुठून आणायची? अमेरिकी शालेय समुपदेशक संघटनेच्या मते २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक हवा. प्रत्यक्षात २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ होती. टेक्सासने २०२३ मध्ये शाळांना प्रमाणपत्राची अट न घालता धर्मोपदेशक नेमण्याची मुभा दिली. त्यावर मोठे वादळ उठले. मिल्स खटल्यात ऐकू आलेली ‘पैसा नाही’ ही सबब आता ‘माणूस नाही’ अशी ऐकू येते.

१८/ आणि वर्तुळ पूर्ण होते. ३१ जुलै २०२५ रोजी इलिनॉयचे गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी एका कायद्यावर सही केली : २०२७-२८ पासून तिसरी ते बारावीच्या सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून किमान एकदा मानसिक आरोग्य तपासणी. पालकांना नकाराचा अधिकार आहे. सर्वांसाठी अशी तपासणी बंधनकारक करणारे हे पहिले राज्य. समर्थक म्हणतात, आधी कळले तर मूल वाचेल. विरोधकांना नॉरिसटाउनची प्रश्नावली आठवते.

१९/ इतिहास या वादात कुणा एकाच्या बाजूने निकाल देत नाही. तो एक कसोटी मात्र हाती ठेवतो. १९१५ च्या तपासणीनंतर मूल वेगळे काढले जाई. १९७३ च्या प्रश्नावलीनंतर ते यादीत गेले असते. २०२७ च्या तपासणीनंतर त्याच्यासमोर कोण बसलेले असेल? ऐकून घेणारे माणूस असेल, तर हा कायदा आधीच्या सर्वांहून वेगळा ठरेल. नुसती नोंद होणार असेल, तर गेसेलची वही फक्त संगणकावर गेली, इतकेच म्हणावे लागेल.

२०/ आपल्यापैकी अनेकांनी शाळेत कधी ना कधी खोट्या पोटदुखीची चिठ्ठी दिली असेल. त्या चिठ्ठीवर खरे कारण लिहिता यावे, यासाठी एका देशात शंभर वर्षे कायदे, खटले आणि अश्रू खर्ची पडले. पुढच्या वेळी एखादा मित्र ‘आज बरं वाटत नाहीये’ एवढेच म्हणाला, तर कुठे दुखते आहे हे विचारण्याआधी क्षणभर त्याच्याजवळ बसा.

(थ्रेड समाप्त)