‘प्रतिनिधि’ कोणाचा?

स्पॅनिश भाषेंत ‘कोर्ते’ म्हणजे राजदरबार, आणि त्याचेंच अनेकवचन ‘कोर्तेस’ म्हणजे लोकांची विधिसभा. आपल्या ‘प्रतिनिधि’ शब्दाची कथाही अशीच आहे.

यज्ञांत सोमवल्ली न मिळाल्यास पूतिका घेत. ती सोमाचा प्रतिनिधि. मात्र यज्ञाच्या स्वामीला, म्हणजे यजमानाला, प्रतिनिधि नाहीं, असा मीमांसकांचा दंडक.

राजाराम महाराजांनीं जिंजीस प्रल्हाद निराजींस प्रतिनिधिपद दिलें, तेव्हां हा शब्द राजाच्या जागीं काम पाहणाराचा झाला. पुढें परशुराम त्रिंबकांच्या घराण्यांत तें पद वंशपरंपरेनें चाललें. औंध संस्थान झालें आणि पदाचें आडनांव बनलें. प्रतिनिधि कोणाचा, हें पुसण्याचें कारणच उरलें नाहीं.

१९३९ सालीं भवानराव पंतप्रतिनिधींनीं घटना देऊन ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत प्रजेचा अधिकार मान्य केला, तेव्हां त्या प्रश्नास उत्तर मिळालें. पंत आडनांवानें प्रतिनिधि राहिले. लोकांनीं निवडलेले अर्थानें झाले.

१९४८ सालीं संस्थान विलीन झालें. तो जुना दंडक मात्र निवडून आलेल्यांनीं विसरूं नये: प्रतिनिधि कितीही होवोत, स्वामीची जागा त्यांस घेतां येत नाहीं.